स्प्रे गनला हवेची नळी जोडताना : आटे, कपलर आणि नळीचा आतला व्यास

सागवान :
नमस्कार मंडळी. नागपुरात लकडगंज भागात आमचा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. आजवर आम्ही सक्शन कपच्या जुन्या गनने मेलामाइन आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारत आलो. आता पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशची मागणी वाढल्यामुळे १.४ मिमी नोझलची, ग्रॅव्हिटी कप असलेली एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन ऑनलाइन मागवली आहे. गन दिसायला उत्तम आहे, परंतु ती हवेला जोडतानाच दोन अडचणी उभ्या राहिल्या.

पहिली अडचण अशी की, गनच्या दांड्याखाली जे पाव इंची बाहेरचे आटे आहेत, त्यांवर इतवारी बाजारातून आणलेले पितळी कनेक्शन दीडदोन फेरे सहज जाते आणि मग घट्ट होऊन अडते. पान्याने जोर लावल्यास ते पुढे जाईलही, पण गन नवी असल्यामुळे हात धजावत नाही. दुसरी अडचण फवाऱ्याची आहे. एक जुने कनेक्शन कसेबसे बसवून चाचणी घेतली, तेव्हा पीयूचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आला. (नागपूरकराने संत्र्याची तक्रार करू नये हे मान्य आहे, पण डायनिंग टेबलावर ती साल कोणालाच नको असते.) गनसोबतच्या कागदावर दोन बार दाब लिहिला आहे आणि मी टाकीजवळच्या रेग्युलेटरवर तीन किलो ठेवतो. कॉम्प्रेसर दोन एचपीचा, टाकी १०० लिटरची आणि नळी ८ मिमीची निळी पीयू आहे, लांबी साधारण १० मीटर. दोष गनचा की जोडणीचा, हे कसे ओळखावे? आणि टेफ्लॉन टेप नेमकी कुठे लावावी, याबद्दल प्रत्येक दुकानदार वेगळे सांगतो.

जुना_फिटर :
सागवानभाऊ, हात धजावला नाही हे फार चांगले झाले. तुमच्या वर्णनावरून गनचे आटे अमेरिकी पद्धतीचे आणि इतवारीतले कनेक्शन बीएसपीचे (ब्रिटिश पाइप आट्यांचे) असावे. दोन्हींना बाजारात "पाव इंच" असेच म्हणतात. त्या पाव इंचाचा आट्यांच्या बाहेरच्या मापाशी काही संबंध नसतो, ते मूळ पाइपच्या भोकाचे नाममात्र माप आहे. व्हर्नियर लावून पाहाल तर पाव इंची बीएसपीचे बाहेरचे माप १३ मिमीहून किंचित अधिक, १३.१६ मिमी भरते. अमेरिकी आट्यांचे माप त्याहून थोडे मोठे असते.

खरा फरक आट्यांच्या चालीत, म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधल्या अंतरात आहे. पाव इंची बीएसपीला एका इंचात १९ आटे आणि त्यांचा कोन ५५ अंश, तर अमेरिकी एनपीटी (निमुळते) आणि एनपीएस (सरळ) या दोन्हींना एका इंचात १८ आटे आणि कोन ६० अंश असतो. ५५ अंशांचा हा कोन जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४१ मध्ये मांडलेल्या प्रमाणातून आला आणि ब्रिटिश पाइपांबरोबर आपल्याकडे रुजला. आजही आपले आयएस ५५४ हे मानक (ज्यात सांधा आट्यांवरच हवाबंद होतो) आणि आयएस २६४३ हे मानक (ज्यात सांधा वॉशरवर किंवा बैठकीवर हवाबंद होतो) त्याच घराण्यातले आहे. चालीतला फरक इतका थोडा आहे की पहिले दोन फेरे काहीच कळत नाही, आणि नंतर पितळ ॲल्युमिनियमला किंवा ॲल्युमिनियम पितळाला खाऊ लागते.

ओळखण्याची सोपी रीत अशी : खात्रीचे पाव इंची बीएसपी निपल घ्या, ते गनच्या आट्यांना आडवे टेकवून दोन्हींचे दात एकमेकांत बसवा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरा. बीएसपीची चाल १.३४ मिमी, अमेरिकी १.४१ मिमी. सहासात दातांवर हा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जातो आणि फटीतून येणारा उजेड तो दाखवून देतो. पिच गेज असेल तर प्रश्नच नाही. त्यानंतर एका बाजूला आतले अमेरिकी आटे आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचे बीएसपी आटे असलेला ॲडॉप्टर मिळवावा आणि तो गनवर कायमचा बसवून टाकावा. कारखान्यातली बाकीची सारी फिटिंग्ज बीएसपीच राहू द्यावीत, नाहीतर दोन्ही प्रकार एकाच डब्यात जमतात आणि दर वेळी हाच गोंधळ होतो.

टेपबद्दल माझे मत ठाम आहे. गनच्या तोंडाशी आतून पाहा. तिथे शंकूच्या आकाराची गुळगुळीत बैठक असेल आणि नळीच्या टोकाला फिरती चाकी व तसाच शंकू असेल, तर तो सांधा धातूवर धातू बसून हवाबंद होतो. तिथे टेपचे काहीच काम नाही. निमुळते आटे असतील तर टेप हवी. सरळ आटे आणि सपाट तोंड असेल तर नायलॉनचे किंवा फायबरचे वॉशर हवे.

मीनल_प्र :
आट्यांबाबत जुना_फिटर यांनी सांगितले त्यात भर घालण्यासारखे काही नाही. संत्र्याच्या सालीचा दोष मात्र मला नळीत दिसतो. सागवान, आपण नळीवर छापलेली अक्षरे एकदा वाचून पाहाल का? माझा अंदाज आहे की तिथे ८ गुणिले ५ असे काहीसे लिहिलेले असेल.

रबरी होज पाइपचे माप आतल्या व्यासावरून सांगतात आणि पीयू नळीचे बाहेरच्या व्यासावरून, कारण पुश फिटिंगमध्ये तिची बाहेरची बाजू बसायची असते. त्यामुळे ८ मिमीची रबरी नळी आणि ८ मिमीची पीयू नळी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीतून हवेला ८ मिमी वाट मिळते, दुसरीतून ५ किंवा फार तर साडेपाच. दुकानदार फसवत नसतो, तो आपल्या मालाचे रूढ माप सांगत असतो.

तीन मिलिमीटरने काय बिघडते, असे वाटणे साहजिक आहे. पण वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब नळीत घर्षणामुळे जो घटतो, तो व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणजे व्यास निम्मा केला तर तेवढ्याच हवेसाठी घट जवळजवळ ३२ पट होते. सागवान यांच्या जोडणीचा मी ढोबळ हिशेब केला. गनला दोन बारवर १० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते असे धरू, म्हणजे मिनिटाला साधारण २८० लिटर मोकळी हवा. नळी १० मीटर, रेग्युलेटरवर तीन बार. (कारखान्यातला "किलो" आणि बार यांत दोन टक्क्यांचाच फरक असल्याने मी दोन्ही एकच धरते.) आतला व्यास ५ मिमी असेल, तर ट्रिगर ओढल्यावर गनच्या तोंडाशी जेमतेम एक बार उरतो. तीच नळी आतून ८ मिमीची असेल, तर अडीच बारच्या आसपास मिळतो. आतून १० मिमी असेल तर नळीतली घट जवळपास विसरता येते. हे आकडे सरळ नळीचे आहेत. गुंडाळीची नळी, कोपरे आणि कपलर (झटपट जोडता-काढता येणारे जोड) यांचे नुकसान वेगळे.

म्हणजे गनच्या कागदावर दोन बार लिहिले आहे, रेग्युलेटर तीन दाखवतो आहे आणि गनला मिळतो एक. पीयूसारखा जाडसर माल एवढ्या हवेने बारीक फुटत नाही, त्याचे मोठे थेंब पृष्ठभागावर पडतात आणि पसरण्याआधीच घट्ट होऊ लागतात. सालीसारखे टेक्श्चर येण्याची इतरही कारणे असतात, थिनर कमी असणे, गन लांब धरणे, मे महिन्यातल्या उन्हात फार लवकर उडणारे थिनर वापरणे. परंतु आधी हवा मोजल्याशिवाय त्यांच्याकडे वळू नये.

सागवान :
मीनलताई, नळीवर ८ गुणिले ५ असेच छापलेले आहे. इतकी वर्षे ती नळी वापरतो आहे, पण ते अक्षर वाचण्याचे कधी कारणच पडले नाही. जुन्या गनने मात्र याच नळीवर काम व्यवस्थित होत असे, ते कसे?

मीनल_प्र :
जुन्या गनची हवेची भूक कमी असणार. तिला समजा ६ सीएफएम लागत असेल, तर त्याच नळीतली घट एक बारच्या थोडी वर जाते आणि आपण नकळत रेग्युलेटर वाढवून ती भरून काढत असाल. एचव्हीएलपीचे तत्त्वच मुळी जास्त हवा आणि कमी दाब असे आहे : एअर कॅपमध्ये (गनच्या पुढच्या टोपीत, जिथून हवा निघते) ०.७ बारपेक्षा अधिक दाब नसतो, म्हणून माल कमी उडतो आणि लाकडावर जास्त बसतो. पण त्या जास्तीच्या हवेची वाहतूक नळीनेच करायची असते.

रंगछटा :
मला हा सगळा हिशेब जरा अतिरेकी वाटतो. मी कामठी रोडवर लोखंडी ग्रिल आणि गेट रंगवतो. माझ्याकडेही तीच निळी नळी आहे. गनला दाब कमी पडतो असे वाटले की मी रेग्युलेटर पाच किलोवर नेतो आणि काम चालते. नळी, कपलर, ॲडॉप्टर असे सर्व बदलत बसण्यापेक्षा एक चावी फिरवणे स्वस्त नाही का?

मीनल_प्र :
ग्रिलसाठी चालत असेल तर आपण जरूर तसेच करावे, पण पॉलिशसाठी तो उपाय अपुरा ठरतो. ट्रिगर बंद असताना नळीत हवा वाहत नसते, त्यामुळे घर्षणाची घटही नसते आणि संपूर्ण नळी, गनच्या तोंडापर्यंत, पाच किलोवर येऊन थांबते. ट्रिगर ओढताच पहिला झोत पाच किलोचा बसतो आणि मग दाब झरझर उतरत दोनवर किंवा त्याखाली स्थिरावतो. प्रत्येक हाताच्या सुरुवातीला वेगळा फवारा आणि शेवटाला वेगळा, असे होते. ग्रिलच्या गजावर ते दिसत नाही, टेबलाच्या सपाट फळीवर मात्र पट्टे उमटतात.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की दाब गनच्या तोंडाशी मोजावा आणि तोही ट्रिगर पूर्ण ओढून. दांड्याखाली बसणारे छोटे गेज मिळते, ते कायमचे ठेवायचे नसेल तरी नळीची परीक्षा घेण्यापुरते बसवावे. गेजसोबत जी छोटी पिळाची झडप येते, ती पूर्ण उघडी ठेवावी. तिने दाब कमी करता येतो, पण ती स्वतःच वाटेतला एक अडथळा असते. ट्रिगर सोडलेला आणि ओढलेला असताना त्या गेजवर जो फरक दिसतो, तोच तुमच्या संपूर्ण जोडणीचा दोष होय.

रंगछटा :
पट्ट्यांचा मुद्दा पटला. गेटच्या पत्र्यावर मलाही तसे दिसते, मी ते रंगाच्या माथी मारत होतो.

वाडी_नाका :
आम्ही वाडीला ट्रकच्या बॉडी रंगवतो. कपलरबद्दल थोडे लिहितो, कारण नळी मोठी घेऊनही लोक तिच्या टोकांना अरुंद फिटिंग लावतात आणि मग नळीला दोष देतात. दुकानात जे पुश कपलर मिळतात त्यांवर एसएम २०, पीएम २०, एसएच २०, पीएच २०, एसपी २०, पीपी २० अशी अक्षरे असतात. पहिले अक्षर एस असेल तर तो सॉकेट म्हणजे मादी भाग, पी असेल तर प्लग म्हणजे नर भाग. दुसरे अक्षर मागच्या बाजूचे : एम म्हणजे बाहेरचे आटे, एफ म्हणजे आतले आटे, एच म्हणजे होजचे खाचदार शेपूट, पी म्हणजे पीयू नळीसाठी चाकी. आकडा २० म्हणजे पाव इंच, ३० म्हणजे तीन अष्टमांश, ४० म्हणजे अर्धा. एसपी २० हा ८ गुणिले ५ च्या नळीचा, एसपी ३० हा १० गुणिले ६.५ चा आणि एसपी ४० हा १२ गुणिले ८ चा. ही अक्षरे पाठ असली की लोहाओळीत (लोखंडी सामानाच्या बाजारात) उभे राहून हातवारे करावे लागत नाहीत.

सॉकेटमध्ये आपोआप बंद होणारी झडप असते, प्लग आरपार पोकळ असतो. त्यामुळे सॉकेट नेहमी हवा येणाऱ्या बाजूला, म्हणजे नळीच्या टोकाला हवा, आणि प्लग गनवर हवा. उलटे बसवले तर गन काढताच नळीतून हवा सुटत राहते. ऐकायला सोपे आहे, पण नव्या मुलांनी केलेल्या जोडणीत मी हा उलटेपणा वारंवार पाहिला आहे.

खरेदी करताना प्रत्येक फिटिंग डोळ्यासमोर धरून आरपार पाहावे. बाहेरून सारखीच दिसणारी दोन निपल असतात आणि एकाचे भोक दुसऱ्याच्या निम्मे असते. गनवर आम्ही कपलर लावतो, पण गाडीच्या शेवटच्या कोटासाठी ठेवलेल्या गनला कपलर न लावता नळी थेट फिरत्या चाकीने जोडतो. त्यामुळे हातातले वजन कमी होते आणि एक अडथळाही कमी होतो. नळी आम्ही आतून १० मिमीची रबरी वापरतो. ती जड असते हे खरे, म्हणून खांद्यावरून मागे टाकून काम करावे लागते. फर्निचरच्या कामाला १२ गुणिले ८ ची पीयू नळी हलकी पडेल आणि पुरेशीही होईल.

शिल्पनिदेशक :
चर्चा नळीभोवती फिरते आहे, पण दोन एचपीचा कॉम्प्रेसर या गनला पुरणार आहे का, हा प्रश्न कोणी विचारला नाही. आयटीआयमधील विद्यार्थ्यांना मी सर्वप्रथम हेच पाहायला लावतो. कॉम्प्रेसरच्या पट्टीवर लिहिलेला सीएफएम अनेकदा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी मोकळी हवा त्याच्या बरीच खाली असते. दोन एचपीच्या छोट्या यंत्राकडून सतत ६ सीएफएमच्या आसपास हवा मिळेल असे धरणे सुरक्षित आहे. सागवान यांच्या गनच्या कागदावर हवेचा वापर किती लिहिला आहे, ते त्यांनी कृपया सांगावे.

सागवान :
कागदावर १२ सीएफएम लिहिले आहे, सर.

शिल्पनिदेशक :
मग गणित मांडू. १२ सीएफएम म्हणजे मिनिटाला ३४० लिटर, कॉम्प्रेसर देणार १७० लिटर. उरलेले १७० लिटर टाकीतून यायचे. १०० लिटरची टाकी आठ बारवरून चार बारवर येईपर्यंत सुमारे ४०० लिटर मोकळी हवा देते. म्हणजे ट्रिगर सलग ओढून ठेवल्यास सव्वादोन मिनिटांच्या आसपास टाकी चार बारवर येईल आणि त्यानंतर रेग्युलेटरला धरून ठेवायला फारसे काही उरणार नाही. फर्निचरच्या कामात ट्रिगर सतत ओढलेला नसतो, फळी फिरवायला, जागा बदलायला वेळ जातो, त्यामुळे खुर्च्या आणि दारे यांवर आपले काम चालून जाईल. आठ फुटी वॉर्डरोबची शटर एकामागून एक मारायची असतील तर मधे थांबावे लागेल, किंवा कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घ्यावी लागेल, किंवा दुसरी टाकी जोडावी लागेल. दुसऱ्या टाकीने सलग कामाचा वेळ वाढतो, कॉम्प्रेसरची क्षमता वाढत नाही. मोटर तेवढीच राहते आणि टाकी भरायला तिला जास्त वेळ पळावे लागते.

नळी बदलायला माझा विरोध नाही, उलट ती आधी बदलावी. फक्त नळी बदलल्यावर गन पूर्ण हवा ओढू लागेल आणि कॉम्प्रेसरची खरी मर्यादा तेव्हाच उघडी पडेल, याची मनाची तयारी असावी.

जुना_फिटर :
सर, बरोबर बोललात. आता पाण्याचा विषय निघायला हवा, कारण पावसाळा तोंडावर आला की पीयूवर बारीक फोड येऊ लागतात आणि लोक हार्डनरला नावे ठेवतात.

नागपूरच्या पावसाळ्यात ३० अंशांना ८० टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा सात बारवर दाबून पुन्हा गार झाली की तिच्या अंगात जेमतेम चार ग्रॅम मावतात. बाकीचे वीस ग्रॅम पाणी होऊन टाकीत, नळीत किंवा तुमच्या टेबलावर पडते. तासाभरात दहा घनमीटर हवा वापरली तर हे दोनशे ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाणी झाले. उलट मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी, पारा पंचेचाळीसवर आणि आर्द्रता दहा टक्क्यांवर असताना, वाफ इतकी कमी असते की पाणी जवळपास पडतच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात उत्तम चाललेली जोडणी जुलैत दगा देते आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

फिल्टर कुठे बसवावा हे म्हणूनच महत्त्वाचे आहे. बहुतेक जण तो टाकीलाच चिकटवतात. टाकीतून निघणारी हवा तेव्हा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून सुखरूप निघून जाते आणि पुढे नळीत गार होऊन थेंब बनते. आधी सातआठ मीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) किंवा तांब्याचा पाइप भिंतीवरून न्यावा, त्याला किंचित उतार द्यावा, सर्वांत खालच्या टोकाला ड्रेनची चावी ठेवावी, आणि गनसाठीची शाखा मुख्य पाइपच्या वरच्या अंगाने काढून मग खाली आणावी, म्हणजे पाइपच्या तळाचे पाणी शाखेत उतरत नाही. फिल्टर आणि रेग्युलेटर या शाखेच्या शेवटी, फवारणीच्या जागेजवळ असावेत. टाकीचा तळाचा ड्रेन रोज संध्याकाळी उघडायचा, हे तर वेगळे सांगायला नको.

आणखी एक. दुकानदार एफआरएलचा (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) तीन भांड्यांचा संच गळ्यात मारतात. त्यातले तिसरे भांडे तेल सोडणारे असते, ते हवेच्या पान्यांसाठी आणि सिलिंडरसाठी. रंगाच्या लाइनमध्ये ते कदापि नको. तेलाचा अंश गेला की पॉलिश फाटून माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळे पडतात. ज्या नळीवर पूर्वी तेल दिलेली हवेची अवजारे चालली आहेत, ती नळी धुऊनही गनला लावू नये. तिच्यासाठी वेगळ्या रंगाची नळी ठेवलेली बरी.

सागवान :
आपणा सर्वांचे आभार. १२ गुणिले ८ ची नळी आणि एसपी ४० कपलर आणले आहेत. उजेडासमोर आटे धरून पाहिले, तेव्हा फट स्पष्ट दिसली. गन अमेरिकी आट्यांचीच निघाली आणि ॲडॉप्टरही मिळाला. ॲडॉप्टरच्या गनकडच्या बाजूला शंकू नाही, सपाट तोंड आहे. आता बसवताना कोणती काळजी घ्यावी?

जुना_फिटर :
गनचे आटे सरळ असतील तर त्या तोंडात नायलॉनचे पातळ वॉशर टाका. वॉशरचे भोक गनच्या भोकापेक्षा लहान नको, नाहीतर एवढा खटाटोप करून शेवटी तुम्ही वॉशरनेच वाट अडवाल. ॲडॉप्टरच्या दुसऱ्या बाजूला, निमुळत्या बीएसपी आट्यांवर, टेप लावा. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे घट्ट करताना ती उलगडत नाही. टोकाचा पहिला आटा मोकळा ठेवायचा, कारण तोंडावर लोंबणारा टेपचा तुकडा हवेबरोबर गनच्या झडपेत किंवा एअर कॅपच्या बारीक भोकात जाऊन बसतो, आणि मग फवारा एका बाजूला का झुकतो हे शोधण्यात दिवस जातो. दोनतीन वेढे पुरेत.

घट्ट करताना दोन पाने वापरा. एक गनच्या तोंडाच्या षटकोनावर धरून ठेवायला, दुसरा ॲडॉप्टर फिरवायला. गनचा दांडा मुठीत धरून जोर लावला, तर गनमध्ये बसवलेले मूळ तोंडच सैल होते. शेवटी सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा, मात्र हे काम तयार मालापासून दूर करा आणि नंतर गन कोरड्या फडक्याने पुसा.

वाडी_नाका :
रबरी नळी वापरणाऱ्यांसाठी थोडी भर. खाचदार शेपटावर नळी चढत नसेल, तर टोक गरम पाण्यात धरावे. ग्रीस किंवा सिलिकॉनचा फवारा मारू नये, त्याचा अंश महिनोन्महिने रंगात उतरत राहतो. नळीचे टोक धारदार सुरीने काटकोनात कापावे. होज क्लिपचे बाहेर आलेले टोक वाकवून त्यावर टेप गुंडाळावी. आमच्याकडे त्याने पत्र्यावर ओरखडे पडतात, तुमच्याकडे ताज्या पॉलिशवर पडतील. नवी रबरी नळी असेल तर आत बारीक पावडर असते, गन जोडण्याआधी ती मोकळी हवा सोडून झटकून घ्यावी.

मीनल_प्र :
दोन सूचना नागपूरच्या उन्हाळ्यासाठी. पीयू नळीवर छापलेला दाब साधारण खोलीच्या तापमानाचा असतो. ती तापली की तिची ताकद बरीच उतरते. पत्र्याच्या छताखाली किंवा अंगणात उन्हात पडलेली नळी हाताला चटका देण्याइतकी तापते, म्हणून टाकीचे पूर्ण आठ बार नळीवर ठेवू नयेत. रेग्युलेटर नळीच्या आधी असावा आणि काम संपल्यावर नळीतली हवा सोडून ती सावलीत गुंडाळून ठेवावी. दुसरी सूचना कॉम्प्रेसरच्या जागेबद्दल : त्याच्या प्रेशर स्विचमध्ये चालू-बंद होताना ठिणगी पडते आणि पीयू किंवा एनसीचे थिनर सहज पेट घेणारे असते. लांब नळीचा त्रास वाचवण्यासाठी कॉम्प्रेसर फवारणीच्या खोलीत आणून ठेवणे हा उपाय नव्हे. त्याला बाहेर, मोकळ्या हवेत ठेवावे, म्हणजे तो रंगाचे कणही आत ओढणार नाही. आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्यामुळे फवारणाऱ्याच्या तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही, योग्य कार्ट्रिजचा मास्क हवा.

सागवान :
जोडणी पूर्ण झाली. गनखाली गेज लावून पाहिले. ट्रिगर सोडलेला असताना अडीच बार आणि ओढल्यावर दोनच्या थोडे वर येतो. जुन्या नळीवर हाच काटा निम्म्याहून खाली कोसळत होता. सागाच्या एका शटरवर पीयू मारून पाहिला, पृष्ठभाग सपाट बसला, कडेला मात्र थोडी साल अजून दिसते. शिल्पनिदेशक सरांनी सांगितले तसे मोठ्या शटरच्या शेवटाला दाब उतरतो, म्हणून सध्या दोन शटरांमध्ये टाकी भरू देतो.

एक शेवटची शंका. गन धुण्यासाठी रोज काढावी लागते. कपलर दाबाखाली असतानाच ओढून काढला तर चालते का? कारागिरांना तीच सवय आहे.

वाडी_नाका :
सॉकेटमध्ये झडप आहे, त्यामुळे नळीतली हवा सुटत नाही आणि गन काढता येते, हे खरे. पण प्लग सुटताना झटका बसतो आणि हातातली नळी उडते. भिंतीवरची चावी बंद करावी, ट्रिगर ओढून नळीतली हवा गनमधूनच जाऊ द्यावी आणि मग कपलर सोडावा. असे केल्याने सॉकेटमधला रबरी रिंगही जास्त टिकतो. कडेच्या सालीबद्दल म्हणाल, तर तिथे हात गोल फिरत असेल आणि गन कडेपाशी लांब जात असेल. मनगट न वळवता गन कडेच्या बाहेर सरळ नेऊन मगच ट्रिगर सोडून पाहा.